राज्य कोणावर?

दिगू, हे तुला सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो की शेवटी टाळण्याचीच सवय होऊन गेली. आजही तेच चाललं आहे. लिहायला बसलो आणि उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. ते सकाळीच घातलेलं होतं. मग चष्मा पुसला, पंखा कमी केला, पुन्हा वाढवला. शैला आतून म्हणाली, "अहो, काय येरझारा चालल्यात? बसा तरी, नाहीतर खाली फिरायला तरी जा." तिला काय सांगू, दोन्ही जमत नाहीये.

मराठी मंडळातून कुलकर्ण्यांचा फोन आला होता. अंकासाठी तुझ्यावर चार शब्द हवेत. "मुलांचे लाडके दिगूकाका, असं काहीतरी लिहा अण्णा, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार?" मी बरं म्हणालो. तुझा जन्म, शिक्षण, होसकोट्याच्या कारखान्यातली नोकरी हे सगळं कुलकर्णी लिहितीलच. मी जे लिहीन ते ते छापतील की नाही, माहीत नाही. तसंही हे त्यांच्यासाठी नाही.

काल संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये पोरं खेळत होती. आपली नात ओवी होती, तिसऱ्या मजल्यावरचा तेलुगू मुलगा, त्या बंगाली जुळ्या बहिणी आणि वॉचमनची भाग्या. एचएसआर लेआउटमधल्या या एका इमारतीत सगळा देश भरला आहे. एरवी त्यांच्या खेळात इंग्रजीच जास्त. पण लपंडाव सुरू झाला की सगळी एकच शब्द ओरडतात. "राज्य किसपे है?" "राज्य यारदु?" तो शब्द तू पेरलास. दर रविवारी येऊन, गुडघे दुखत असताना, खांबाला टेकून डोळे झाकून आकडे मोजत. आता त्या जुळ्यांची आई मला विचारते, "अंकल, ये राज्य-राज्य क्या है?" मी म्हणतो, "डेन. जिसपे डेन है, उसपे राज्य है." ती हसते. "लेकिन राज्य मतलब तो किंगडम ना?"

तुला आठवतं, हाच प्रश्न तू लहानपणी बाबांना विचारला होतास. क्वार्टर्समध्ये, जेवताना. "जो हरतो त्याच्यावर राज्य कसं? राज्य तर जिंकणाऱ्याला मिळतं." बाबांनी "भात गार होतोय" म्हणून विषय मिटवला. उत्तर तूच शोधलंस, पन्नाशी उलटल्यावर कधीतरी. म्हणालास, "अण्णा, सगळा खेळ त्या एकट्यावर चालतो, म्हणून ते राज्य. त्यानं घेतलंच नाही, तर बाकीचे नुसते लपून बसतील. शोधणार कोण?"

तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. मान वर केली नाही.

आपल्या लहानपणी मी राज्य घ्यायचो नाही, हेही तुला आठवत असणार. मी मोठा होतो. पकडला गेलो की म्हणायचो, "मी टाइमप्लीज म्हटलं होतं, तुला ऐकू आलं नाही." बाकीची पोरं ओरडायची, "रडीचा डाव खडी खातो!" मी फुरंगटून घरी निघालो, की तू पुढे व्हायचास. "जाऊ दे, मी घेतो अण्णाचं." माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान तू. माझं राज्य तू घ्यायचास आणि मी लगेच परत येऊन लपायला जागा शोधायचो. लाज वगैरे वाटत नव्हती. त्या वयात नाही वाटत. नंतरच्या वयाचं काय, ते पुढे लिहितो. लिहिणार आहे. जरा थांब.

आपला एक वाद अर्धवटच राहिला. मुलं चांगली असतात की नाहीत. मंडळात कुणी "मुलं म्हणजे देवाघरची फुलं" म्हणालं की मी चिडायचो. म्हणायचो, फुलं कसली, पोरं चोरटी असतात, खोटारडी असतात, दुबळ्याला चिडवतात. मला वाटायचं तू भांडशील. तू मान डोलवायचास. "हो तर. पोरं खोटं बोलतातच. पण त्यांना ते पेलत नाही, अण्णा. दिवसभर तोंड पाडून हिंडतात आणि झोपायच्या आत कुणालातरी सांगून मोकळी होतात. आपल्याला पेलतं, हाच सगळा घोटाळा आहे." मी म्हणालो, "तुला ना पोर ना बाळ, तुला काय कळतं?" तू हसलास आणि म्हणालास, "सरी." तुझं ते कानडी 'सरी', म्हणजे बरं. आई रागावली तरी सरी, डॉक्टरनं गोळ्या वाढवल्या तरी सरी. त्या एका शब्दात तू किती काय गिळलंस, याचा हिशेब माझ्याकडे नाही.

बरं. आता पेरूच्या झाडाचं.

मला नोकरीत मिळालेल्या क्वार्टर्सच्या मागच्या अंगणातलं ते झाड. सालं निघालेल्या गुळगुळीत फांद्या. रविवार होता. आमचे साहेब सपत्नीक चहाला यायचे होते आणि माझ्या बढतीचं घोडं तिथेच अडलं होतं. शैला सकाळपासून चकल्या तळत होती. मनूला नवा फ्रॉक घातला होता. आज ती मृणाल मॅडम आहे, महादेवपुऱ्याच्या ऑफिसात दहा माणसं तिच्या हाताखाली आहेत. तेव्हा ती दुसरीत होती आणि तुझ्या मागेमागे फिरायची. मला 'अहो बाबा' आणि तुला 'अरे काका'. कॉलनीतली सगळीच पोरं तुझ्या मागे फिरायची. मंडळानं तुला शनिवार-रविवारसाठी एक खोली द्यायचं कबूल केलं होतं, तिथं तू खेळघर काढणार होतास. रंग आणलेस, दोऱ्या आणल्यास. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचं तुझ्या मनात होतं. मला ते फार बालिश वाटायचं आणि तसं मी बोलून दाखवायचो.

मी मागच्या दारात आलो तेव्हा मनू झाडावर होती. तू खाली उभा होतास, दोन्ही हात वर करून. तिला धरलेलं नव्हतंस. तुझी पद्धतच ती. "मी धरणार नाही, मी फक्त इथं आहे. डावा पाय कुठं ठेवायचा ते पायालाच विचार." आणि ती खरंच पायाला विचारत होती. खाली वाकून, मोठ्यानं, "पाया, इथं का?" तिच्या तोंडावर भीती नव्हती. मी इतकी एकाग्र माणसं फार कमी पाहिली आहेत. हे मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त फ्रॉक दिसला, त्याच्यावरचा हिरवा डाग, आणि फाटकाशी थांबलेली साहेबांची गाडी.

मी ओरडलो. "मृणाल! उतर आधी खाली!"

माझा आवाज कसा लागायचा, तुला माहीत आहे. ती दचकली, माझ्याकडे वळली आणि वळता वळता पाय सुटला. तुझे हात जिथं होते तिथं ती पडली नाही. माझ्या आवाजाच्या बाजूला पडली.

साहेब आत आलेच होते. त्यांनी विचारलं, काय झालं. मी इंग्रजीत म्हणालो, "माझा धाकटा भाऊ. पोरांना झाडावर चढवतो. किती सांगितलं तरी ऐकत नाही." यात एकही शब्द खोटा नव्हता, दिगू. मी पुढे कितीतरी वर्षं याच वाक्याला धरून बसलो. पण रिक्षात मनू माझ्या मांडीवर कण्हत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, तुम्ही ओरडलात ना, म्हणून." मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणालो, "तू घाबरली आहेस बाळा. तुला नीट आठवत नाहीये." आणि हॉस्पिटलात शैलानं रडत विचारलं, "पडलीच कशी?" तेव्हा मी म्हणालो, "दिगूचा हात सुटला."

तू व्हरांड्यात बाकावर बसला होतास. ऐकलंस. माझ्याकडे पाहिलंस. मी समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत राहिलो, 'शांतता राखा'. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत.

संध्याकाळी आई तुला काय काय बोलली. "तुझ्या हातात पोर द्यायची सोय नाही. स्वतःचं असतं म्हणजे कळलं असतं." शैला बोलली नाही, पण तिनं तुला चहा विचारला नाही. तू म्हणालास, "सरी, आई. चुकलं माझं." मी आतल्या खोलीत होतो. दार उघडं होतं.

मग सगळं भराभर झालं. मंडळातल्या लोकांनी खोली देणं पुढे ढकललं, मग विषयच सोडला. 'त्यांच्या घरच्याच पोरीचा हात मोडला, आपली कशी पाठवायची?' कॉलनीतल्या पोरांना घरून हाका यायला लागल्या. तू ते रंग अनाथाश्रमात देऊन टाकलेस आणि होसकोट्याला खोकी बनवायच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून गेलास. गणपतीला यायचास, दिवाळीला यायचास, मोदक नेमके मोजून खायचास आणि शेवटची बस चुकायला नको म्हणून लवकर निघायचास. मला बढती मिळाली. मनूचा हात प्लास्टरातून निघाला तो कोपरात थोडा वाकडाच. आजही तो पुरता सरळ होत नाही. ती नमस्कार करते तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

पुन्हा उठलो होतो. खाली जाऊन आलो. लिफ्टमध्ये कुणीतरी विचारलं, "ऊट आयता सर?" जेवण झालं का. मी आयता म्हणालो. झालं नव्हतं. इतकं सोपं असतं खोटं बोलणं, जीभ आपली आपणच वळते.

तुला परत आणलं मनूनंच. ओवी झाल्यावर एका रविवारी तुला गाडीत घालून घेऊन आली. "काकाला काय तिकडे एकटं ठेवायचं? ओवीला खेळवेल." शैला तोपर्यंत निवळली होती. मला मात्र धडकी भरली. पण तू आलास, पायरीवर बसलास आणि ओवीला विचारलंस, "तुला लपता येतं का?" ती म्हणाली, "येस." तू म्हणालास, "मग लप बघू." आणि संपलं. सुरू झालं, असं म्हणायला हवं.

ते रविवार माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे तुला मी सांगितलं नाही. तू मलाही खेळायला लावलंस. मी गच्चीवरच्या टाकीमागे उकिडवा बसलो होतो आणि भाग्या मला शोधत फिरत होती. श्वास रोखून धरताना मला एकदम हसू फुटलं. किती वर्षांनी असं विनाकारण हसलो. नंतर पळताना भाग्यानं मला गाठलं आणि म्हणाली, "ताता, स्वल्प जोरात पळा की!" आजोबा, जरा जोरात. अर्धं कानडी, अर्धं तू शिकवलेलं मराठी.

सगळ्यात लहान मुलाला कसं शोधायचं, हे तू मला तिथं दाखवलंस. ओवी पडद्यामागे लपली की तिचे पाय बाहेर दिसायचे. मी म्हणायचो, "अरे ते बघ, दिसतेय." तू डोळे वटारायचास. मग तिच्यासमोरून जात मोठ्यानं म्हणायचास, "कुठं गेली बाई ही?" आणि तिसरीकडेच शोधत राहायचास. ती थकून, कंटाळून, हसत आपणहून बाहेर येईपर्यंत.

आणि मग चष्म्याचा दिवस. ओवी पळता पळता तुझ्यावर आदळली, चष्मा पडला आणि तिच्याच पायाखाली आला. मी वर्तमानपत्राआडून पाहत होतो. ती क्षणभर थिजली. कुणी पाहिलं नाही असंच तिला वाटत असणार, तुला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, चष्मा आपोआप पडला म्हणाली असती तर चाललं असतं. ती म्हणाली, "सॉरी दिगूआजोबा."

"सॉरी काय भोपळा? काय केलंस ते सांग."

"मी रन करत होते. तुम्ही नको म्हणालात तरी. मग माझ्या पायानं तुटला."

"हं. मग?"

"मग माझ्यावर राज्य."

"घे."

आणि ती खांबाशी जाऊन डोळे झाकून मोजायला लागली. एवढंच. तुझा तो नियम होता, नुसतं सॉरी चालत नाही, काय केलं ते बोलायचं, राज्य घ्यायचं आणि खेळ पुढे. कबूल केलं की आपण खेळातून बाद, असं मी जन्मभर समजत आलो. ओवीचा मात्र डाव थांबला होता तो बोलण्यावाचून. बोलली आणि सुरू झाला.

मनू हे बघून हसत होती. तिला काय वाटलं कोण जाणे, एकदम तुझ्याजवळ येऊन बसली. आपला तो वाकडा कोपर तुझ्या खांद्यावर टेकवला. म्हणाली, "काका, तुला वाटत असेल मी अजून मनात धरून आहे. हात सुटला तुझा, सुटतो माणसाचा. मी कधीच माफ केलंय तुला."

मी समोर होतो. किती सोपं होतं. एक वाक्य. पोरं तिथेच खेळत होती, कुणी आश्चर्यानं बघितलंही नसतं.

तू म्हणालास, "बरं केलंस गं बाई. जड होतं ते."

आणि तू माझ्याकडे पाहिलंस. चष्मा नव्हता, तुला माझा चेहरा दिसलाही नसेल. राग नव्हता त्यात. मला कळायला वेळ लागला की ती नजर मी दर रविवारी बघत आलो होतो. पडद्याखालून पाय दिसत असताना मुद्दाम तिसरीकडे शोधणारी. माझे पाय तुला इतकी वर्षं दिसत होते, दिगू. तू समोरून जायचास, 'कुठं गेला हा' म्हणायचास आणि मी आपणहून बाहेर यायची वाट बघायचास. मी म्हणालो, "चहा ठेवायला सांगतो," आणि आत गेलो.

त्यानंतर मी होसकोट्याला आलो होतो. तुला वाटलं सहज आलो. मी तेच सांगायला आलो होतो. महादेवपुऱ्याला गाडी अडकली तेव्हा कॅबमध्ये बसून मी वाक्यं जुळवत होतो, परीक्षेला जाणाऱ्या पोरासारखी. तुझ्याकडे आल्यावर आपण बोअरच्या पाण्याबद्दल बोललो. टोमॅटोबद्दल बोललो. तू उपीट केलंस, त्यात कढीपत्ता जास्त झाला होता, मी तेही काढून दाखवलं. निघताना फाटकाशी मी म्हणालो, "दिगू, ते त्या दिवशीचं..." कॅबवाल्यानं हॉर्न दिला. "होगोणा सर?" निघायचं का. तू म्हणालास, "जा अण्णा, ट्रॅफिक लागेल." मग म्हणालास, "पुढच्या रविवारी बोलू. मी कुठं जातोय?"

हे वाक्य मला झोपू देत नाही. मला तुझा रागही येतो, खरं सांगतो. जरा थांबला असतास. एकदा तरी म्हणाला असतास, "अण्णा, बाहेर ये, दिसतोयस." आपणहून येण्यातच सगळं आहे, हे लहान पोरांना शिकवायला ठीक आहे. माझ्यासारख्याला कान धरूनच बाहेर काढायला हवं होतं.

पुढचा रविवार आला तेव्हा तू आमच्या हॉलमध्ये होतास, जमिनीवर, पांढऱ्या चादरीखाली. सगळे ओवीला सांगत होते, आजोबा देवाकडे गेले, आजोबा झोपलेत. तिनं मला विचारलं, "आबा, मेले ना ते?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग तसं सांगा ना." मग रडली, पोटभर, आणि नंतर भूक लागली म्हणाली.

परवा, तुझा दहावा झाल्यावर, मी मनूला सांगितलं. स्वयंपाकघरात ती डबे पुसत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, फ्रॉक, गाडी, ओरडणं, हॉस्पिटल, सगळं. ती बराच वेळ डबा पुसत राहिली. मग तिनं तो हात लांब केला, जेवढा होतो तेवढा, आणि त्याच्याकडे पाहत म्हणाली, "बाबा, मी तेव्हा सांगितलं होतं ना?"

"हो."

"मला वाटायचं मला चुकीचं आठवतंय. इतकी वर्षं." मग म्हणाली, "आणि मी काकाला माफ केलं! त्याच्या तोंडावर! तुम्ही तिथं बसला होतात बाबा."

ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. ऑफिसातून फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, ठेवते. ते बरोबरच आहे. शैलाला अजून सांगायचं आहे. हे ती वाचेल तेव्हा तिला कळेल, म्हणजे पुन्हा मी पडद्यामागूनच. नाही. आज जेवताना सांगतो. तोंडानं.

मनूला सांगून मोकळं वाटेल अशी समजूत होती. वाटलं नाही. राज्य ज्याचं त्याच्याचकडून घ्यावं लागतं आणि तू आता खांबाशी नाहीस. आकडे मोजणारं कुणी नाही. खाली पोरं ओरडताहेत आणि मी इथं टेबलाशी बसून लिहितो आहे. पण नियम तुझाच आहे. नुसतं सॉरी चालत नाही, काय केलं ते सांगायचं. तर सांगतो.

दिगू, तुझा हात सुटला नव्हता. मी ओरडलो, म्हणून मनू पडली. मी साहेबांशी अर्धं बोललो, शैलाशी खोटं बोललो आणि मनूला तिचं खरं खोटं आहे असं सांगितलं. आई तुला बोलत होती तेव्हा मी दाराआड ऐकत उभा राहिलो. तुझं खेळघर माझ्यामुळे गेलं. तुझ्या आयुष्यातली सगळी पोरं मी तुझ्यापासून तोडली आणि जिचा हात मोडला तिच्याकडून तुला माफीही घ्यायला लावली. ती माफी माझी होती, मी मागायची होती, तुझ्याकडे. दिगू, माझं चुकलं. मला माफ कर. राज्य माझ्यावर.